टफ्टेड कॉकेट: तुरेवाला इवलासा हमिंगबर्ड कसा ओळखायचा, कुठे शोधायचा

प्रश्न असा आहे: त्रिनिदादला जायचं ठरलंय, तिथे डोक्यावर तांबडा तुरा असलेला अगदी छोटा हमिंगबर्ड असतो असं ऐकलंय. तो नेमका दिसतो कसा, राहतो कुठे, आणि हाताशी चारच दिवस असतील तर तो हमखास बघायला काय करावं?

हा पक्षी म्हणजे टफ्टेड कॉकेट. शास्त्रीय नाव लोफॉर्निस ऑर्नाटस. डच निसर्गअभ्यासक पीटर बोडार्ट यांनी 1783 मध्ये त्याचं वर्णन केलं. पूर्व व्हेनेझुएला, त्रिनिदाद, गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना आणि उत्तर ब्राझील एवढा त्याचा मुलूख. शेजारच्या टोबॅगो बेटावर तो नाही, त्यामुळे जोडसहलीत टोबॅगोचे दिवस याच्यासाठी धरू नका.

सगळ्यात महत्त्वाची सूचना आधीच देतो. तुरा शोधत फिरू नका. तुरा फक्त वयात आलेल्या नराला असतो, आणि तोही उडताना डोक्याशी चपटा बसलेला असला की लक्षात येत नाही. प्रत्यक्षात नजरेला पहिल्यांदा जाणवते ती याची भुंग्यासारखी संथ चाल, आणि पाठोपाठ कंबरेवरचा आडवा फिका पट्टा. या दोन गोष्टी पटल्या की मग दुर्बीण डोक्याकडे न्या.

आकाराचा अंदाज आधी मनात पक्का हवा. लांबी सुमारे 6.6 ते 7 सेंमी, वजन साधारण 2.3 ग्रॅम. आपल्याकडे सर्वांत लहान पक्षी म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो फुलटोच्यासुद्धा 8 सेंमीचा असतो. इथे तर चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सात सेंमीसुद्धा जेमतेम भरतात. चोच आखूड आणि सरळ, सेंटिमीटरभर. फोटो बघून तयारी करणाऱ्यांची फसगत इथेच होते: फोटोत पक्षी चौकटभर दिसतो, मग प्रत्यक्षात डोळे शिंजिराएवढं काहीतरी शोधत राहतात आणि समोरच्या फुलावर चरत असलेला पक्षी माशी किंवा भुंगा समजून सोडून दिला जातो.

आता नर नीट बघू. डोक्यावर लांब, तांबूस-विटकरी तुरा. मानेच्या दोन्ही बाजूंना तशाच तांबूस रंगाची लांब, टोकाकडे निमुळती होत गेलेली पिसं, आणि प्रत्येक पिसाच्या टोकाला चकचकीत हिरवा ठिपका. ही मानेची पिसं सगळी सारख्या लांबीची नसतात. पुढची आखूड, मागची लांब, त्यामुळे ती पसरली की दोन्हीकडे पंखा उघडल्यासारखा आकार होतो. एरवी ती मानेशी मिटलेली असतात. मादीपुढे मिरवताना किंवा दुसऱ्या नरावर धावून जाताना ती ताठ होतात, तुराही उभा राहतो. पुस्तकांतली आणि पोस्टरवरची चित्रं बहुतेक याच अवस्थेतली असतात, म्हणून फांदीवर शांत बसलेला नर पहिल्या भेटीत जरा साधा वाटतो. थोडा वेळ त्याच्यावर नजर ठेवा. चोचीने पिसं साफ करताना किंवा आळस देताना पंखा उघडतोच.

कपाळ आणि गळा चमकदार हिरवे, पाठ तांब्याची झाक असलेली हिरवी, पोटाकडचा भागही हिरवट. कंबरेवर, म्हणजे पाठ आणि शेपटी यांच्या मध्ये, पांढुरका पट्टा. तो आडवा, अखंड आणि पाठीच्या गडद रंगावर ठसठशीत उठून दिसणारा. शेपटीचा बराचसा भाग तांबूस. चोच लाल, टोक काळं.

यातला हिरवा आणि तांबूस हे दोन रंग वेगवेगळ्या पद्धतीने तयार होतात, आणि हे माहीत असेल तर बघण्यात आणि फोटोत खूप फरक पडतो. तुऱ्याचा तांबूस रंग हा पिसातल्या रंगद्रव्याचा आहे. ऊन कुठूनही येवो, सावली असो की ढगाळ हवा, तो तांबूसच दिसतो. गळ्याचा हिरवा मात्र पिसाच्या सूक्ष्म रचनेतून येतो: तिथल्या अतिबारीक चपट्या कणांच्या थरांवरून प्रकाश परावर्तित होतो, तेव्हा ठरावीक कोनातच तो रंग डोळ्यापर्यंत पोचतो. कोन चुकला की हाच गळा काळाकुट्ट दिसतो. 'काळ्या गळ्याचा कॉकेट दिसला, ही वेगळी जात आहे का?' असं बरेच जण विचारतात. बहुतेक वेळा तो हाच नर असतो, फक्त ऊन त्याच्या मागून येत असतं. सूर्य तुमच्या पाठीशी ठेवून पाच मिनिटं थांबा. पक्ष्याने मान वळवली की क्षणभर गळा पेटल्यासारखा होतो.

मादीला तुरा नाही, मानेची पिसंही नाहीत. वरून हिरवी, खालून तांबूस, गळाही तांबूस. शेपटीवर गडद पट्टा आणि टोकं फिकी. कंबरेवरचा पट्टा मात्र तिलाही आहे, तोच तिची खरी खूण. वयात येणारा नर मादीसारखाच दिसतो, पण त्याचा गळा मळकट पांढरा आणि त्यावर गडद बारीक ठिपके असतात. पुढे मानेच्या कडेला चार-दोन तांबूस पिसं फुटू लागतात, डोकं अर्धवट विटकरी होतं. असा अर्धा-कच्चा नर कुठल्याच चित्राशी जुळत नाही आणि लोक गोंधळतात. आकार, संथ उड्डाण, पांढुरका पट्टा: तिन्ही जुळलं तर त्रिनिदादमध्ये दुसरा विचार करायची गरज नाही, कारण या बेटावर कॉकेटची ही एकच जात आहे.

खरी गल्लत पक्ष्यांशी नाही, पतंगांशी होते. अमेरिका खंडाच्या उष्ण भागात एलोपॉस या वंशातले हॉक मॉथ दिवसा फिरतात, फुलासमोर हवेत स्थिर राहून मध पितात, आणि त्यांच्या पोटावर बरोबर मधोमध पांढरा आडवा पट्टा असतो. फुलंही तीच, वेळही तीच, पट्टाही तसाच. फरक कळायला तीन ठिकाणी बघायचं. डोक्यावर दोन मिशा, म्हणजे स्पर्शिका दिसल्या तर तो पतंग. फुलात जाते ती सरळ ताठ चोच आहे की दोऱ्यासारखी वाकणारी सोंड, हे पुढचं. पतंग फुलापासून दूर झाला की सोंड गुंडाळून घेतो. तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी: कॉकेट दर थोड्या वेळाने जवळच्या उघड्या, बिनपानाच्या काडीवर जाऊन बसतो. पतंग असा उघड्यावर टेकत नाही. त्यामुळे शंका आली की फुलांकडे बघत न राहता तो उडून कुठे गेला ते बघा.

महाराष्ट्रात आणि गोव्यात 'बागेत हमिंगबर्ड दिसला' असे निरोप पावसाळ्यात येतात, त्यामागेही बहुधा असाच दिवसा उडणारा हॉक मॉथ असतो, आपल्याकडच्या मॅक्रोग्लॉसम वंशातला. नाहीतर शिंजीर. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आणि लगतच्या बेटांवर आहेत. भारतात एकही जात नाही. गॅलरीत हमिंगबर्डसाठीचं साखरपाण्याचं भांडं टांगून तो येणार नाही, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, कारण ही भांडी सर्रास विकली जातात.

तुरा असलेले दुसरे छोटे हमिंगबर्डही आहेत आणि त्यांचे फोटो एकमेकांच्या नावाने सर्वत्र फिरत असतात. फोटो कुठे काढला हे कळलं तर अर्धं काम होतं. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिकोपासून ग्रेनाडापर्यंतच्या बेटांवर दिसतो तो अँटिलियन क्रेस्टेड हमिंगबर्ड: त्याचा तुरा हिरवा, बार्बाडोसकडे टोकाला निळा-जांभळा, मानेला पिसांचा पंखा नाही, आणि तो त्रिनिदादमध्ये नाही. आग्नेय ब्राझीलमधला फ्रिल्ड कॉकेट आपल्या पक्ष्याशी सगळ्यात जास्त मिळताजुळता, कारण त्याचाही तुरा तांबूस आणि कंबरेवर पट्टा. पण मानेचा पंखा पांढरा, टोकांना हिरवा. पंखा तांबूस की पांढरा, एवढं बघितलं तरी निकाल लागतो. कोस्टा रिकाच्या सहलींतून येणारे फोटो ब्लॅक-क्रेस्टेड किंवा व्हाइट-क्रेस्टेड कॉकेटचे असतात. आणि मेक्सिकोच्या गेरेरो राज्यात, सिएरा माद्रे देल सुर डोंगरातल्या अगदी छोट्या टापूत शॉर्ट-क्रेस्टेड कॉकेट उरलाय. तो अतिसंकटग्रस्त आहे. ज्याला या कुळाबद्दल आस्था आहे त्याने त्या पक्ष्याचं नाव लक्षात ठेवावं, कारण तिथली डोंगर-उतारावरची जंगलं गेली तर त्याला जायला दुसरी जागाच नाही.

टफ्टेड कॉकेटची अवस्था तशी नाही. तो सर्वत्र थोडाथोडा आहे, भरपूर कुठेच नाही, पण धोक्याच्या यादीतही नाही. याचं कारण त्याच्या अधिवासात आहे. घनदाट जंगलाचा आतला काळोख त्याला नको असतो. जंगलाची कड, मोकळी झुडपी जमीन, गवताळ सवाना, मळे, बागा, घरांच्या कुंपणाची फुलझाडं ही त्याची जागा. उंची समुद्रसपाटीपासून साधारण 950 मीटरपर्यंत. त्रिनिदादच्या उत्तरेकडच्या डोंगररांगेचं सर्वोच्च शिखर एल सेरो देल अरिपो 940 मीटरच आहे, म्हणजे उंचीची मर्यादा या बेटावर आडवीच येत नाही. फुलं आणि ऊन जिथे, तिथे तो.

तिथल्या डोंगरउतारांवर कोको आणि कॉफीचे जुने मळे आहेत, काही अजून चालू, काही रानात मिसळून गेलेले. कोकोला सावली द्यायला लावलेली उंच इमॉर्टेलची झाडं डिसेंबर-जानेवारीपासून केशरी फुलांनी भरतात; ही आपल्या पांगाऱ्याची सख्खी भावंडं. नवखा माणूस साहजिकच तिकडे बघतो. पण त्या मोठ्या फुलांवर मोठ्या हमिंगबर्डचं राज्य असतं. सेंटिमीटरभर चोचीच्या कॉकेटला लागतात ती बारीक, आखूड नळीची फुलं. म्हणून मळ्याच्या कडेला, पायवाटेशेजारी, घराच्या अंगणात जी झुडपं असतात त्यांच्याकडे लक्ष ठेवायचं.

त्यातलं सर्वांत महत्त्वाचं झुडूप व्हरवेन, म्हणजे स्टॅकिटार्फेटा. त्रिनिदादमध्ये लोक त्याला व्हरवाइन म्हणतात. कमरेएवढं किंवा थोडं उंच झुडूप, वर हिरव्या लांब काठ्या, आणि काठीभोवती एका वेळी जेमतेम काही निळी-जांभळी फुलं उमललेली. काठी खालून वर फुलत जाते. प्रत्येक फुलात मध थोडाच, पण रोज ताजी फुलं आणि बराच काळ चालणारा बहर, त्यामुळे पक्षी या झुडपाला धरून राहतो. एका काठीवरची उघडी फुलं संपवली की तो पुढच्या काठीकडे सरकतो, झुडूप संपलं की दुसऱ्या झुडपाकडे, आणि फेरी पूर्ण करून परत पहिल्याकडे. तो परत येतो हेच तुमचं भांडवल.

दुसरं झुडूप आपल्या ओळखीचं: घाणेरी. सह्याद्रीत आपण तिला उपटून काढतो, कारण ती बाहेरून आली आणि रानभर पसरली. उष्ण अमेरिका हे तिचं माहेर, आणि तिथे कॉकेट तिच्या फुलांवर चरतो. व्हरवेनही आपल्याकडे कोकणात-गोव्यात रस्त्याकडेला मोकाट वाढलेली दिसते, त्यामुळे निघण्यापूर्वी ते झुडूप ओळखायला शिकून घेणं सहज जमेल. फुलांखेरीज बारीक कीटक आणि कोळी हाही त्याचा आहार. पानाखालून, काड्यांवरून तो ते टिपत असतो. प्रथिनं तिथूनच मिळतात.

उड्डाण संथ का, याचं उत्तरही या फुलांशी बांधलेलं आहे. व्हरवेनचं चांगलं झुडूप म्हणजे भांडणाची जागा. कॉपर-रम्प्डसारखे मोठे, तापट हमिंगबर्ड ते झुडूप आपलं मानतात आणि येणाऱ्या प्रत्येक हमिंगबर्डला हाकलतात. कॉकेट झेप घेऊन येत नाही. शेपटी किंचित वर उचललेली, शरीर स्थिर, आवाजही भुंग्यासारखा हलका गुणगुणणारा, असा तो तरंगत तरंगत खालच्या बाजूने आत शिरतो. मालक बहुतेक वेळा त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. पण लक्षात आलं तर पाठलाग होतोच, म्हणून मोठा हमिंगबर्ड जागेवर असताना झुडपाच्या खालच्या आणि मागच्या भागात बघा; कॉकेट तिथे सापडण्याची शक्यता जास्त.

कुठे जायचं? उत्तरेकडच्या डोंगररांगेतलं अरिमा खोरं हे पहिलं ठिकाण. तिथलं आसा राइट निसर्ग केंद्र 1967 मध्ये एका जुन्या कोको-कॉफीच्या मळ्यावर सुरू झालं, आणि तिथल्या व्हरांड्यासमोरची व्हरवेनची झुडपं कॉकेटसाठी प्रसिद्ध आहेत. ट्यूनापूनाच्या वर डोंगरावर माउंट सेंट बेनेडिक्टचा मठ आहे, त्याच्या परिसरातल्या बागाही चांगल्या. माराकास खोऱ्यात, सेंट जोसेफजवळ, येरेट नावाची एक खाजगी बाग आहे. तिथे आधी वेळ ठरवूनच जावं लागतं. तिन्ही ठिकाणी जाण्यापूर्वी ताजी वेळ आणि प्रवेशाचे नियम विचारून घ्या. वेळ सकाळी सात ते दहा, नाहीतर दुपारी साडेतीननंतर. कोरडा हंगाम जानेवारी ते मे हा सोयीचा, कारण पावसाचा अडथळा कमी. याच काळात रुबी-टोपाझ हमिंगबर्डही तिथे असतो. तोही व्हरवेनवर येतो, आकाराने थोडा मोठा, कंबरेवर पट्टा नाही, एवढं ध्यानात असू द्या.

एक चूक जवळपास सगळे करतात. साखरपाण्याच्या भांड्यांभोवती हमिंगबर्डची झुंबड असते, माणूस तिथेच खुर्ची टाकून बसतो आणि दिवस संपतो. कॉकेट भांड्यावर क्वचितच येतो. भांड्यांकडे पाठ करून फुलांकडे तोंड करून बसा. चांगलं फुललेलं, उन्हातलं एक झुडूप निवडा, त्यापासून तीन-चार मीटरवर थांबा, आणि जागा बदलू नका. पक्षी बुजरा नाही. माणूस हलला नाही तर हातभर अंतरावरच्या फुलावरही येतो. पाठलाग केलात तर मात्र त्याची फेरी मोडते आणि तो पलीकडच्या झुडपावर जातो. दुर्बीण 8×42 पुरेशी, पण दोन मीटरवर फोकस होणारी असेल तरच या पक्ष्यासाठी खरा उपयोग. लांबचं पाहणाऱ्या जड दुर्बिणी इथे कुचकामी ठरतात.

फोटोसाठी 400 ते 500 मिमीची लेन्स, आणि तिचं किमान फोकस अंतर आधी तपासून घ्या; बऱ्याच मोठ्या लेन्स तीन मीटरच्या आत फोकसच करत नाहीत आणि पक्षी नेमका अडीच मीटरवर येतो. अशा वेळी एक्स्टेन्शन रिंग, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ कडी, कामी येते; तिने लेन्स आणखी जवळ फोकस करते. शटर 1/2500 सेकंद ठेवलं तर शरीर आणि डोळा स्वच्छ येतो, पंख किंचित धूसर राहतात, आणि ते चांगलंच दिसतं. पंखही थांबवायचे तर 1/4000 किंवा त्याहून जास्त. उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवू नका. काठीवरचं जे फूल अजून चाखलेलं नाही त्यावर आधीच फोकस धरून ठेवा. तो तिथे येणार आहे. प्रकाशमापनात तांबूस रंग घात करतो: सगळा फोटो ठीक दिसतो, पण तुऱ्यातला लाल रंग जळून सपाट होतो, पिसं वेगळी दिसत नाहीत. एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवा आणि कॅमेऱ्यातला लाल रंगाचा आलेख (हिस्टोग्राम) वेगळा बघा. नराचा गळा काळा येत असेल तर सेटिंगशी खेळू नका, तुमची उभं राहण्याची जागा बदला.

घरट्याबद्दल थोडं. वाटीएवढं म्हणावं तर तेही फार मोठं होईल असं ते घरटं फांदीवर असतं, वनस्पतींच्या मऊ लवीपासून विणलेलं. अंडी दोन. घरटं बांधणं, उबवणं, पिल्लांना भरवणं हे सगळं एकटी मादी करते. नर त्यात कुठेच नसतो. त्यामुळे तुमच्या उपस्थितीने ती घरट्यावरून उठली तर तिच्या जागी बसणारं कुणी नाही, आणि एवढ्याशा अंड्यांची ऊब उतरायला वेळ लागत नाही. घरटं दिसलं तर फोटोसाठी आडवी आलेली पानं किंवा डहाळी बाजूला करू नका. ऊन, पाऊस आणि शिकारी पक्षी यांपासून तेवढाच आडोसा असतो. मार्गदर्शक सोबत असेल आणि तो 'जवळ जाऊ या' म्हणाला तरी नकार द्या, दुर्बिणीतून एकदा बघा आणि पुन्हा व्हरवेनच्या झुडपाकडे चला. मादी तिथेही येतेच.